मॅडम, रिपोर्ट चांगला आहे का?

लातुरात दवाखान्यांच्या एका गल्लीत मी काम करते ती लॅब आहे. शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, डेंग्यू, कावीळ हे सगळं आम्ही इथंच करतो आणि दुपारपर्यंत रिपोर्ट हातात देतो. एएमएचचं, म्हणजे बाईच्या अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या तपासणीचं, सॅम्पल मात्र बाहेर पाठवावं लागतं. सकाळी पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त घ्यायचं, अर्धा तास गोठू द्यायचं, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचं, वर आलेलं पिवळसर सीरम काढून थर्माकोलच्या डब्यात जेलपॅकमध्ये ठेवायचं आणि संध्याकाळच्या कुरिअरला द्यायचं. रिपोर्टची पीडीएफ येते ती बहुतेक वेळा रात्री. पेशंटच्या व्हॉट्सॲपवर टाकली की दोन मिनिटांत फोन वाजतो. "मॅडम, रिपोर्ट चांगला आहे का?"

शुगरचा असता तर सांगून टाकलं असतं. जेवणानंतरची तीनशे आली तर ती चांगली नाही, एवढं सांगायला डॉक्टर लागत नाही. एएमएचचं तसं नाही. चांगला म्हणजे कशासाठी चांगला, हे आधी विचारावं लागतं. आणि पलीकडं फोन स्पीकरवर आहे, शेजारी सासू बसलेली आहे, हे आवाजावरून कळत असताना तो प्रश्न विचारता येत नाही. "डॉक्टरांना दाखवा" म्हणून मी फोन ठेवते. नियमही तोच आहे. पण त्या रात्री त्या घरात झोप कुणाला लागली नसणार, हेही मला माहीत असतं.

एएमएच म्हणजे अँटी-म्युलेरियन हार्मोन. हे म्युलर जर्मनीतले शरीरशास्त्रज्ञ. गर्भात असतात त्या दोन नळ्यांचं वर्णन त्यांनी १८३० मध्ये केलं, म्हणून नळ्यांना त्यांचं नाव. याच नळ्यांपासून पुढं मुलीची गर्भपिशवी आणि गर्भनलिका तयार होतात. मुलाच्या गर्भात त्या विरघळून जातात. का जातात, याचा छडा फ्रान्सच्या आल्फ्रेड जोस्ट यांनी १९४७ मध्ये सशांच्या गर्भांवर प्रयोग करून लावला : गर्भातल्या वृषणांतून एक वेगळा स्राव निघतो आणि तो या नळ्यांना वाढू देत नाही. तोच हा एएमएच. म्हणजे मुळात हे हार्मोन ओळखलं गेलं ते पुरुषाच्या शरीराचा अभ्यास करताना. बाईच्या अंडाशयातही ते तयार होतं हे कळायला बराच काळ गेला, आणि अंड्यांच्या साठ्याचा अंदाज म्हणून ते वापरायला सुरुवात झाली ती २००० नंतर. आता आमच्या रजिस्टरमध्ये एएमएचपुढं लिहिलेली नावं जवळजवळ सगळी बायकांचीच असतात. तक्रार म्हणून सांगत नाही, पण रजिस्टर भरताना कधीकधी मनात येतं.

साठ्याचा हिशेब असा. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ ते सत्तर लाख बीजं असतात. जन्मेपर्यंत दहा ते वीस लाख उरतात. पाळी सुरू होते तेव्हा तीन-चार लाख. त्यातली आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची काही न करता, काही न बिघडता, आपोआप संपत जातात. गोळ्या खाल्ल्यानं ती वाढत नाहीत, बाळंतपणानं वाचत नाहीत. एएमएच हा साठा थेट मोजत नाही. दर महिन्याला ज्या बारीक बारीक पुटिका, म्हणजे बीजाच्या पिशव्या, जाग्या होऊन वाढायला लागतात, त्यांच्या भोवतीच्या पेशी हे हार्मोन सोडतात. जाग्या किती झाल्या त्यावरून निजलेल्या किती असतील याचा अंदाज बांधायचा. सोनोग्राफीत डॉक्टर याच पुटिका डोळ्यांनी मोजतात, आणि दोन्ही अंदाज बऱ्यापैकी जुळतात.

या तपासणीचा एक मोठा फायदा आमच्या भागाला झाला, तो कुणी फारसा बोलून दाखवत नाही. पूर्वी अंडाशयाची ताकद बघायला एफएसएच या दुसऱ्या हार्मोनची तपासणी करायचे. ते पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच करावं लागतं. देवणीकडची किंवा अहमदपूरकडची बाई, पाळीचा दुसरा दिवस, पोटात दुखतंय, शेतात काढणी चाललीय, एसटी वेळेवर नाही. ती पाचव्या दिवशी पोचायची आणि आम्ही म्हणायचो, आता पुढच्या महिन्यात या. एएमएच महिन्याच्या कुठल्याही दिवशी चालतो, उपाशीपोटी यायची गरज नाही. बाजारादिवशी येऊन रक्त देऊन जाता येतं. तेवढ्यासाठी मी या तपासणीचे आभार मानते.

आता तिचा खरा उपयोग. टेस्ट ट्यूब बेबी करायचं ठरलं की पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हार्मोनची इंजेक्शनं सुरू होतात. एरवी एका महिन्यात एक बीज पक्व होतं, ते इंजेक्शनांनी आठ-दहा करायचे असतात. डोस किती द्यायचा? एएमएच कमी असेल तर डोस जास्त, आणि तरीही बीजं थोडीच मिळणार याची आधी कल्पना. एएमएच फार जास्त असेल, पीसीओडीच्या, म्हणजे अंडाशयात बारीक पुटिकांची गर्दी असलेल्या, मुलींमध्ये तो आठ-नऊ-दहा असा येतो, तर काळजी उलट्या बाजूनं. अशा अंडाशयाला भरपूर इंजेक्शन दिलं तर वीस-पंचवीस बीजं एकदम वाढतात, रक्तवाहिन्यांतलं पाणी पोटात उतरतं, पोट फुगतं, लघवी कमी होते, श्वास लागतो. पूर्वी यात बायका आयसीयूत जात, क्वचित जीवही जाई. आता आधी एएमएच बघून डोस कमी ठेवतात, बीज पिकवण्याचं शेवटचं इंजेक्शन बदलतात, गर्भ त्या महिन्यात न सोडता गोठवून ठेवतात. एका साध्या रक्ततपासणीनं इतकं टळत असेल तर ती करावीच.

आपल्याकडं दर वर्षी पिकांची पैसेवारी जाहीर होते. सप्टेंबरात नजर पैसेवारी, मग सुधारित, डिसेंबरात अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळी, पन्नासच्या वर गेली की सगळं आबादीआबाद. एकावन्न पैशांच्या गावातला माणूस तहसीलवर चकरा मारत बसतो, एकोणपन्नासवाल्याच्या शेजारी त्याचं शेत असलं तरी. एएमएच मला तसा वाटतो. यंदा रानात किती पीक येईल याचा तो अंदाज आहे आणि अंदाज म्हणून बरा आहे. पण दाणा भरेल का, भाव मिळेल का, पोरीचं लग्न पार पडेल का, हे पैसेवारीत लिहिलेलं नसतं. आणि एक पॉइंट एक, एक पॉइंट दोन अशा ज्या रेघा वैद्यकशास्त्रानं ओढल्यात, त्या कमी बीजं देणारी पेशंट कुणाला म्हणायचं, उपचार कसे आखायचे, एवढ्यापुरत्या ओढल्यात. रेघेच्या अलीकडची बाई वांझ आणि पलीकडची लेकुरवाळी, असं त्या रेघा ओढणाऱ्यांनीही कधी म्हटलेलं नाही.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. तीस ते चव्वेचाळीस वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, नुकतंच मूल हवं म्हणून प्रयत्न सुरू केलेल्या साडेसातशेच्या आसपास बायका. त्यांचे हार्मोन तपासले आणि मग कुणाला दिवस जातात ते बघत राहिले. ज्यांचा एएमएच पॉइंट सातच्याही खाली होता, त्यांनाही बाकीच्यांच्याच प्रमाणात दिवस गेले. बीज महिन्याला एकच लागतं ना. गोदामात हजार आहेत की दहा हजार, याचा या महिन्यातल्या एका बीजाशी संबंध नाही. ते बीज कसलं आहे याच्याशी आहे, आणि ते ठरतं मुख्यतः बाईच्या वयावर. वय चाळिशीकडं जातं तसं बीजांतल्या गुणसूत्रांची विभागणी चुकायला लागते, गर्भ रुजत नाही किंवा रुजून पडतो. म्हणून सत्तावीस वर्षांच्या, पॉइंट आठ एएमएच असलेल्या मुलीला टेस्ट ट्यूबच्या खेपेत थोडीच बीजं मिळतील, पण ती बहुतेक चांगली असतील. बेचाळीस वर्षांच्या, तीन एएमएचवालीला दहा मिळतील आणि दहातलं एकही उपयोगाचं नसेल, असं होऊ शकतं. आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूबमध्ये, कमी एएमएचनं फरक पडतच नाही, असं नाही. बीजं कमी म्हणजे गर्भ कमी, गर्भ कमी म्हणजे एका खेपेतल्या संधी कमी. पण मूल होईल की नाही हे त्या आकड्यावरून सांगायला गेलं तर अंदाज फार कच्चा निघतो.

आणि गर्भनलिका उघड्या आहेत का? ते एएमएच सांगत नाही. आपल्या देशात गर्भपिशवीच्या टीबीनं नलिका बंद झालेल्या बायका कितीतरी असतात. त्यांचा एएमएच अगदी छान येऊ शकतो. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मली, तिच्या आईच्या नलिकाच बंद होत्या. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हाही कुणाचा एएमएच तपासून ठेवलेला नव्हता. ती तपासणीच आली नव्हती.

नवरा कसा आहे, हेही एएमएच सांगत नाही. इथं मी जरा थांबते, कारण माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग हा आहे.

चाकूरकडची एक जोडी आली होती. बाई तिशीच्या आतली, डी.एड. झालेली, गावातल्या इंग्लिश शाळेत शिकवते. सोबत सासू. नवरा खाली मोटारसायकलपाशी. एएमएच पॉइंट आठ आला होता. रिपोर्टची प्रिंट न्यायला आले होते, फाइलला लावायची म्हणून. सासूनं प्रिंट उलटीसुलटी करून पाहिली. अक्षर तिला वाचता येत नव्हतं, आकडा येत होता.

"कमी हाय म्हनं. मंग आता हिला काईच व्हायचं न्हाई का?"

मी म्हटलं, "आत्या, असं काही नाही. ह्यांची तपासणी झाली का?" आणि खिडकीतून खाली बोट दाखवलं.

"त्याला काय झालंय? दोन-दोन पोती उचलतोय की."

सून जमिनीकडं बघत होती. मला वाटलं ती आता रडणार. पण ती शांतपणे म्हणाली, "आई, डाक्टरनं त्यांचीबी लिवलीय. चिठ्ठीत दोन नंबरला हाय." चिठ्ठी काढून तिनं सासूपुढं धरली. शाळेत मुलांना फळ्यावरचं दाखवतात तशी एकेका ओळीवर बोट ठेवत. सासूनं चिठ्ठी बघितली नाही. पण "बोलव त्याला" म्हणाली.

वीर्यतपासणी ही आमच्याकडची सगळ्यात स्वस्त तपासण्यांतली एक. सुई नाही, कुरिअर नाही, इंजेक्शन नाही. दोन ते सात दिवसांचा संयम, एक स्वच्छ डबी आणि एक सूक्ष्मदर्शक. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकाप्रमाणं मिलीलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा धरतात. त्यापेक्षा कमी असले तरी मूल होऊ शकतं, जास्त असले तरी होईलच असं नाही. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाचाही काही ना काही वाटा असतो, हे आता कुठल्याही पुस्तकात मिळतं. तरी डबी हातात दिली की धडधाकट माणूस तोंड चुकवतो. "घरून आणतो की" म्हणतो. घर चाकूरला. तासाभराच्या आत सॅम्पल इथं पोचायला हवं, तेही गार होऊ न देता, शर्टाच्या आत धरून. मी हे सगळं पाठ केल्यासारखं सपाट आवाजात सांगते. आवाज जरा जरी मऊ झाला तर तो माणूस उठून जातो. काही जण डबी खिशात घालून जातात ते परत येतच नाहीत. बायको मात्र पुढच्या महिन्यात येते, आणखी एक नळी रक्त द्यायला.

त्या दिवशीचा चाकूरवाला आला, डबी घेऊन आत गेला आणि बाहेर आला. रिपोर्ट काय होता ते मी इथं लिहिणार नाही.

आता पैशाचं बोलायला हवं. टेस्ट ट्यूबच्या एका खेपेला औषधं धरून दीड-दोन लाखांपुढं खर्च जातो. सोयाबीनच्या भावावर घर चालणाऱ्या माणसाला तो कुठून उभा करायचा? गंठण, बचत गट, भावाकडून हातउसने, शेवटी एखादं एकर. एवढे पैसे एकदाच उभे राहतात, म्हणून माणसाला खात्री हवी असते, आणि खात्रीच्या जागी कुणीतरी आकडा ठेवतं. रिंग रोडला गोबऱ्या बाळांचे फलक लागलेत, मोफत तपासणी शिबिरं होतात. शिबिरात एएमएच मोफत आणि पुढचं सगळं विकत. "साठा संपत चाललाय, आत्ताच करा" हे वाक्य पस्तिशीच्या बाईला सांगितलं तर त्यात काहीतरी अर्थ असतो. चोवीस वर्षांच्या, लग्नाला दीड वर्ष झालेल्या, नवरा पुण्यात आणि ही गावात अशा मुलीला तेच वाक्य सांगतात तेव्हा मला राग येतो. वर्षभर एकत्र राहून प्रयत्न केल्याशिवाय वंध्यत्व म्हणत नाहीत; पुणे-लातूर बसचे शनिवार-रविवार त्यात धरायचे की नाही, हे कुणी तिला विचारलेलंच नसतं.

दुसरा धंदा आकडा वाढवण्याचा. पावडरी येतात, गोळ्या येतात, अंडाशयात स्वतःच्याच रक्तातला भाग टोचण्याचं पॅकेज येतं. या सगळ्यानं बाळ होण्याची शक्यता खरोखर वाढते याचा भक्कम पुरावा अजून नाही. पण तीन महिन्यांनी पुन्हा एएमएच केला की पॉइंट आठचा एक पॉइंट एक झालेला दिसतो आणि घरात पेढे वाटावेत असा आनंद. आतली गोष्ट सांगते : दोन लॅबची यंत्रं वेगळी, रसायनं वेगळी, पद्धत वेगळी असेल तर तेच रक्त दोन वेगळे आकडे देऊ शकतं. एकाच बाईचा आकडाही महिन्या-महिन्याला थोडा हलतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तो खाली दिसतो, बंद केल्यावर हळूहळू वर येतो. त्यात परत एक लॅब नॅनोग्रॅममध्ये लिहिते, एक पिकोमोलमध्ये. मिलीलिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे लिटरला सात पॉइंट एक पिकोमोल. "आधी पॉइंट आठ होता, आता पाच पॉइंट सात झालाय" म्हणून देवीला ओटी भरून आलेली बाई मी पाहिली आहे. आकडा तोच होता. तिला ते सांगायचं काम माझ्याकडं आलं नाही, डॉक्टरांकडं गेलं, याचं मला बरं वाटलं.

आकडा फारच खाली असला की दुसऱ्या बाईचं बीज घेण्याचा विषय निघतो. कायद्यानं आता त्याला चौकट घातली आहे. २०२१ च्या कायद्याप्रमाणं बीज देणारी बाई तेवीस ते पस्तीस वर्षांची हवी, तिनं आयुष्यात एकदाच द्यायचं, आणि सातच्या वर बीजं काढायची नाहीत. उपचार घेणारी बाई पन्नासच्या आत हवी. कायदा चांगला आहे. देणारी बाई कुठून येते, तिच्या घरची परिस्थिती काय, यावर लिहायचं तर वेगळा लेख लागेल.

लातूरला बसून हे लिहिताना शेजारच्या बीड जिल्ह्याकडं लक्ष जातंच. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारनं समिती नेमली, पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींचं वय तिशी-पस्तिशीच्या आत. पाळीच्या दिवसांत काम बुडतं, मुकादम पैसे कापतो, दवाखान्यात "कॅन्सर होईल" म्हणून भीती घालतात. अशा बाईला कुणी साठा मोजून दाखवला नाही. सतराव्या वर्षी लग्न, विसाव्यापर्यंत दोन लेकरं, पंचविशीत पिशवी गेली. पिशवी काढताना अंडाशय ठेवली तरी ती लवकर थकतात, पाळी जाण्याचं वय अलीकडं येतं, हाडं ठिसूळ होतात. तिचा एएमएच काढायला आमच्याकडं कुणी पाठवत नाही. त्याच भागात, त्याच पावसाच्या प्रदेशात एका बाईच्या अंडाशयाचा दशांशापर्यंत हिशेब होतो आणि दुसरीच्या पोटात काय उरलं याची चौकशीही होत नाही. दोघींचं काम एकच धरलेलं असतं, पोरं देणं. एकीनं अजून दिली नाहीत, दुसरीची देऊन झाली.

हल्ली नवीनच चालू झालंय. लग्नाआधी एएमएच. मुलगी इंजिनीअर, वय तीस, पुण्यात नोकरी. मुलाकडचे म्हणतात, तेवढं एकदा बघून घेऊ. मागच्या लग्नसराईत एक गृहस्थ आले होते, निवृत्त मुख्याध्यापक, पांढरा स्वच्छ शर्ट, बोलणं अदबीचं. होणाऱ्या सुनेसाठी चौकशी करत होते. मी त्यांना सांगितलं, सर, ज्या बाईनं अजून प्रयत्नच केले नाहीत, तिला दिवस जातील की नाही हे या तपासणीवरून सांगता येत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही अशा बायकांना सल्ला द्यायला ही तपासणी वापरू नका असं लिहून ठेवलंय.

सरांनी मान डोलावली. शिक्षकच ते, पुरावा दिला की ऐकतात. "मग लग्नाआधी कुठली करावी म्हणता?"

"दोघांची एचआयव्ही, कावीळ बी, थॅलेसेमिया करा. आणि मूल होण्याचंच बघायचं असेल तर मुलाची वीर्यतपासणी. पाव किमतीत होते."

सरांनी रेटकार्ड हातात घेतलं, चष्मा वर करून वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. "मुलाला विचारतो," म्हणाले.

मुलाचा फोन अजून आलेला नाही. मुलीच्या एएमएचसाठीही कुणी आलं नाही. लग्न मात्र झालं. पत्रिका लॅबच्या पत्त्यावर आली होती.